नेटच्या वायरीतून काय जातंय? कमांड लाइनवरून पॅकेट पकडायची आणि गाळायची कशी

हैदराबाद : नांदेड, देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर भागातली पोरं नेटवर्किंगचा कोर्स करायला अमीरपेठ गाठतात, ही आता जुनी गोष्ट झाली. मैत्रीवनमच्या आसपासच्या क्लासमध्ये राउटर, स्विच, फायरवॉल शिकून कुणी हायटेक सिटीत लागतं, तर कुणी गावाकडं परत येऊन बँकेची, पतसंस्थेची, कॉलेजची कॉम्प्युटर व्यवस्था सांभाळतं. या सगळ्यांना एक काम हमखास येतं. ‘नेट चालू आहे, पण सॉफ्टवेअर चालत नाही’ अशी तक्रार आली की वायरीतून नेमकं काय जातंय ते बघावं लागतं. त्यासाठी रंगीत खिडक्यांचं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली तरी भागतं.

हे ‘बघणं’ किती महत्त्वाचं आहे, ते हैदराबादनं जवळून पाहिलंय.

महेश बँकेचं प्रकरण

जानेवारी २०२२ मध्ये हैदराबादच्या ए. पी. महेश को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेतून सायबर चोरट्यांनी १२ कोटी रुपयांहून जास्त रक्कम लांबवली. पैसे वेगवेगळ्या खात्यांत वळवून देशभरातल्या एटीएममधून काढण्यात आले. पोलीस तपासात आलेली सुरुवात साधी होती. बँकेच्या कर्मचाऱ्यांना दोनशेहून अधिक फसवे ईमेल आले होते. त्यातला एखादा उघडला गेला आणि लांबून कॉम्प्युटर ताब्यात घेणारा प्रोग्रॅम आत शिरला. बँकेच्या नेटवर्क सुरक्षेतल्या त्रुटींवरही पोलिसांनी बोट ठेवलं. पुढं २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सायबर सुरक्षेचे निकष न पाळल्याबद्दल या बँकेला ६५ लाख रुपयांचा दंड केला.

त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन टप्प्यांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते.

लांबून चालवला जाणारा कुठलाही प्रोग्रॅम आत बसून गप्प राहू शकत नाही. त्याला बाहेरच्या मालकाशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं वायरीतूनच जातं. वायर बघायची सवय असलेला माणूस अशा ठिकाणी असला, तर निदान संशय घ्यायला जागा मिळते. सीमाभागातल्या लहान बँकांत आणि पतसंस्थांत हजारो शेतकऱ्यांची, पेन्शनरांची ठेव आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. म्हणून हे काम फक्त मोठ्या शहरातल्या कंपन्यांचं, असं समजून चालत नाही.

पॅकेट म्हणजे काय?

नेटवरून जाणारी कुठलीही गोष्ट, मग ती फाइल असो, व्हिडिओ असो की यूपीआयचा व्यवहार, लहान लहान तुकड्यांत जाते. एकेका तुकड्याला पॅकेट म्हणतात. टपालाच्या पाकिटासारखंच त्याचं असतं. वर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आत मजकूर. पत्ता म्हणजे आयपी क्रमांक. त्या पत्त्यावरच्या कुठल्या खोलीत द्यायचं ते पोर्ट क्रमांक सांगतो. वेबसाइटचं नाव विचारायला ५३, सुरक्षित वेबसाइटला ४४३, लांबून लिनक्स मशीनवर शिरायला २२, विंडोजचा पडदा लांबून बघायला ३३८९, फाइल शेअरिंगला ४४५, हे पोर्ट पाठ असलेले बरे.

एरवी कॉम्प्युटर स्वतःसाठी आलेली पॅकेट घेतो आणि बाकीची सोडून देतो. पॅकेट पकडणारा प्रोग्रॅम नेटवर्क कार्डाला सांगतो, ‘जे येईल त्याची एक प्रत मला दे.’ मूळ पॅकेट आपल्या वाटेनं जातंच, त्याला धक्का लागत नाही.

टीसीपीडम्प : छत्तीस वर्षांहून जुनं हत्यार

या कामाचा सर्वात जुना आणि अजूनही रोज वापरात असलेला प्रोग्रॅम म्हणजे टीसीपीडम्प. १९८८ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, सॅली फ्लॉइड, व्हर्न पॅक्सन आणि स्टीव्हन मॅककॅन यांनी तो लिहिला. त्याच गटातल्या मॅककॅन आणि जेकबसन यांनी पुढं ‘बर्कली पॅकेट फिल्टर’ म्हणजे बीपीएफ मांडला. त्यातली कल्पना सोपी आहे. सगळी पॅकेट वर आणून मग निवडण्यापेक्षा, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातच चाळणी लावायची आणि लागतील तेवढीच वर घ्यायची. यामुळं जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवरही हे काम होतं.

लिनक्सवर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो, मॅकवर तर आधीपासूनच असतो. पॅकेट पकडायला प्रशासकाचा अधिकार लागतो, म्हणून आधी ‘सुडो’ लावावा लागतो.

खालचे आदेश उच्चाराप्रमाणं देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरायची. अक्षर लहान की मोठं यानं अर्थ बदलतो, म्हणून जिथं ‘मोठी’ असं लिहिलंय तिथं कॅपिटल अक्षर समजावं. बाकी सगळीकडं लहान.

पहिली पाच पावलं

१. कार्ड कुठलं ते बघायचं : ‘सुडो टीसीपीडम्प -डी (मोठी)’. मशीनवरच्या सगळ्या नेटवर्क कार्डांची यादी येते. वायरीचं कार्ड, वायफायचं कार्ड आणि लिनक्सवर ‘एनी’ नावाचं सगळ्यांना मिळून एक.

२. थोडंसं पकडायचं : ‘सुडो टीसीपीडम्प -आय एनी -एन -सी २०’. आय म्हणजे कुठल्या कार्डावर. एन म्हणजे क्रमांकांची नावं करत बसू नको. सी २० म्हणजे वीस पॅकेट झाली की थांब. नवशिक्यानं ‘सी’ विसरू नये, नाहीतर पडदा धावायला लागतो. थांबवायला कंट्रोल आणि सी दाबायचं.

३. चाळणी लावायची : चाळणीचे शब्द नेहमी ओळीच्या शेवटी येतात. ‘सुडो टीसीपीडम्प -आय एनी -एन पोर्ट ५३’ म्हटलं की फक्त नावं विचारणारी पॅकेट दिसतात.

४. फाइलमध्ये ठेवायचं : ‘-डब्ल्यू’ आणि पुढं फाइलचं नाव. आता पडद्यावर काही दिसत नाही, सगळं फाइलमध्ये जातं.

५. फाइल वाचायची : ‘टीसीपीडम्प -एन -आर’ आणि फाइलचं नाव. वाचताना पुन्हा नवी चाळणी लावता येते, आणि वाचायला प्रशासकाचा अधिकार लागत नाही. हीच फाइल वायरशार्कमध्ये उघडून निवांत बघता येते.

‘एन’चं महत्त्व वेगळं सांगायला हवं. तो न लावल्यास टीसीपीडम्प प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला स्वतःच नेटवर विचारणा करतो. मग तपासायच्या पॅकेटमध्ये त्याचीच पॅकेट मिसळतात, आणि नेट संथ असेल तर पडदाही अडखळतो.

ओळ वाचायची कशी?

समजा पडद्यावर वेळेपुढं असं दिसलं : आयपी १९२.१६८.१.२५.५१५१४ > ८.८.८.८.५३. डावीकडं पाठवणारा, उजवीकडं घेणारा. पहिले चार आकडे पत्ता, पाचवा आकडा पोर्ट. म्हणजे ऑफिसातल्या २५ नंबरच्या मशीननं गुगलच्या नाव सांगणाऱ्या सर्व्हरला काहीतरी विचारलं.

टीसीपीच्या ओळीत पुढं ‘फ्लॅग्ज’ आणि चौकटी कंसात अक्षरं येतात. दुरुस्तीचं निम्मं काम या अक्षरांवर होतं.

• ‘एस’ : बोलणं सुरू करायची विनंती.
• ‘एस’ आणि टिंब : समोरच्यानं होकार दिला.
• नुसतं टिंब : मिळालं, पोच.
• ‘पी’ आणि टिंब : मजकूर चाललाय.
• ‘एफ’ आणि टिंब : बोलणं संपलं.
• ‘आर’ : दार आपटून बंद केलं.

आता ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ ही तक्रार घेऊ. ‘एस’ पुन्हा पुन्हा जातोय आणि उत्तरच येत नाही, तर पॅकेट वाटेत कुठंतरी अडतंय. फायरवॉल तपासायची, वाट तपासायची. ‘एस’ गेला आणि लगेच ‘आर’ आला, तर बहुतेक वेळा मशीन जिवंत आहे पण त्या पोर्टवर सेवा चालू नाही. ‘एस’, होकार, पोच असं तिन्ही नीट झालं आणि तरी अडतंय, तर दोष बहुधा नेटचा नाही, सॉफ्टवेअरचा आहे. कंपनीच्या माणसाला फोन करताना हे आधीच माहीत असलं, तर ‘तुमचं नेट बघा’ हे उत्तर ऐकून घ्यावं लागत नाही.

चाळणीचं व्याकरण

चाळणीत तीन प्रकारचे शब्द असतात. एक, काय शोधायचं : ‘होस्ट’ म्हणजे एक मशीन, ‘नेट’ म्हणजे पत्त्यांचा अख्खा गट, ‘पोर्ट’ म्हणजे खोली. दोन, दिशा : ‘एसआरसी’ म्हणजे पाठवणारा, ‘डीएसटी’ म्हणजे घेणारा. दिशा सांगितली नाही तर दोन्ही बाजू धरल्या जातात. तीन, भाषा : ‘टीसीपी’, ‘यूडीपी’, ‘आयसीएमपी’, ‘एआरपी’. हे सगळं ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ यांनी जोडायचं.

काही उपयोगाच्या चाळण्या :

• ‘होस्ट १९२.१६८.१.२५ अँड पोर्ट ४४३’ : एकाच मशीनचं सुरक्षित वेबवरचं येणंजाणं.
• ‘एआरपी’ : एकच आयपी दोन मशीनला दिला गेल्याचा संशय असेल तर.
• ‘आयसीएमपी’ : पिंग पोहोचतंय का ते बघायला.
• ‘नॉट पोर्ट २२’ : लांबून एसएसएचनं मशीनवर शिरून काम करत असाल तर ही हवीच. नाहीतर पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ तुमच्याकडं पाठवायला नवी पॅकेट तयार होतात, ती पुन्हा पकडली जातात, आणि हे चक्र थांबत नाही.

इथं एक खाच आहे, त्यात भलेभले अडकतात. बऱ्याच भाषांत ‘अँड’ आधी आणि ‘ऑर’ नंतर सोडवतात. या चाळणीत दोघांचा मान सारखा, डावीकडून उजवीकडं क्रमानं सोडवायचं. त्यामुळं ‘पोर्ट ८० ऑर पोर्ट ४४३ अँड होस्ट अमुक’ असं लिहिण्याऐवजी पहिल्या दोघांना कंसात घालावं. कंस घातले की अख्खी चाळणी एकेरी अवतरणात ठेवायची, नाहीतर पडद्यामागचा शेल कंसांचा भलताच अर्थ लावतो.

नवं बोलणं कोण सुरू करतंय एवढंच बघायचं असेल, तर ‘टीसीपी[१३] == २’ ही चाळणी लावतात. टीसीपी पत्त्याच्या भागातला शून्यापासून मोजलेला तेरावा बाइट म्हणजे ध्वजांचा, आणि फक्त ‘एस’ लागला की त्याची किंमत २ येते. ही चाळणी आयपीव्ही४ पुरतीच चालते, हे ध्यानात ठेवायचं.

संशयाची पॅकेट ओळखायची कशी?

शाखेतला एखादा कॉम्प्युटर बाहेर कुणाशी बोलतोय, हे बघायला ही ओळ कामाची :

‘सुडो टीसीपीडम्प -आय एनी -एन 'एसआरसी नेट १९२.१६८.१.०/२४ अँड नॉट डीएसटी नेट १९२.१६८.०.०/१६ अँड टीसीपी[१३] == २'’

अर्थ असा : आपल्या ऑफिसातून निघालेली, ऑफिसबाहेर चाललेली, नवं बोलणं सुरू करणारी पॅकेट तेवढी दाखव. आपल्या ऑफिसचा पत्त्यांचा गट वेगळा असेल तर आकडे बदलायचे. मग या गोष्टी बघायच्या :

• तोच पत्ता, ठरावीक अंतरानं. दर एक मिनिटाला किंवा दर पाच मिनिटाला घड्याळासारखी हाक जात असेल, तर विचारायचं : हे कुठलं सॉफ्टवेअर? अँटिव्हायरस आणि अपडेटही असंच वागतात, म्हणून आधी पत्ता कुणाचा ते शोधायचं.
• ऑफिस बंद असतानाची वेळ. रविवारी रात्री कॅशियरचा कॉम्प्युटर बाहेर भरपूर माल पाठवत असेल तर कारण सापडलंच पाहिजे.
• एका मशीनकडून आतल्याच अनेक मशीनच्या ४४५ किंवा ३३८९ वर ठोठावणं. मात्र वरची ओळ फक्त बाहेरचं दाखवते. आतलं बघायला ‘नॉट डीएसटी नेट’ हा तुकडा काढून टाकायचा.
• पोर्ट ५३ वर लांबलचक, निरर्थक अक्षरांची नावं सारखी विचारली जाणं.

यातलं काहीही दिसलं म्हणजे चोरी झालीच असं नाही. पण रोजचं साधं चित्र माहीत असल्याशिवाय वेगळं काय तेही कळत नाही. म्हणून सगळं ठीक असताना एखाद्या कामाच्या दिवशी अर्धा तास पकडून ती फाइल जपून ठेवावी. पुढं तुलना करायला तीच उपयोगी पडते.

डिस्क भरू नये म्हणून

रात्रभर पकडायचं असेल तर ‘-सी (मोठी) १००’ आणि ‘-डब्ल्यू (मोठी) २०’ हे दोन्ही लावायचे, शिवाय फाइलच्या नावासाठी लहान डब्ल्यू. मग शंभर एमबीच्या वीस फाइल होतात आणि एकविसाव्या वेळी पहिली पुसून लिहिली जाते. डिस्कवर दोन जीबीच्या वर भार येत नाही.

प्रोग्रॅम थांबवला की शेवटी तीन आकडे येतात : किती पकडली, चाळणीला किती मिळाली, आणि कर्नलनं किती टाकून दिली. तिसरा आकडा शून्य नसेल तर फाइल अपुरी आहे. चाळणी आणखी बारीक करायची.

सगळं का दिसत नाही?

दोन कारणं. पहिलं, स्विच. स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो. त्यामुळं आपल्या लॅपटॉपवर आपलीच आणि सर्वांना उद्देशून असलेलीच पॅकेट दिसतात. अख्ख्या शाखेचं बघायचं तर स्विचवर ‘पोर्ट मिररिंग’ लावावं लागतं किंवा राउटरवरच पकडावं लागतं.

दुसरं, कुलूप. आज बहुतेक वेबसाइट मजकूर कुलूपबंद करूनच पाठवतात. त्यामुळं पासवर्ड किंवा मजकूर दिसत नाही. दिसतं ते एवढंच : कुणी, कुणाला, कधी, किती. संशय घ्यायला तेवढं पुरतं.

विंडोजवाल्यांनी काय करायचं?

बँकांतले बरेच कॉम्प्युटर विंडोजचे. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटपासून ‘पीकेटीमॉन’ नावाची सोय आतच आहे. प्रशासक म्हणून काळी खिडकी उघडायची, आधी चाळणी घालायची, मग सुरू करायचं, मग थांबवायचं. तयार झालेली फाइल नव्या आवृत्त्यांत वायरशार्कला वाचता येईल अशी बदलता येते. वायरशार्क बसवलेला असेल तर त्याच्यासोबत ‘टीशार्क’ हा कमांड लाइनचा भाऊही येतो. त्याच्यात दोन वेगळ्या चाळण्या असतात : पकडतानाची, जिचं व्याकरण वर सांगितलेलंच, आणि दाखवतानाची, जिचं व्याकरण वेगळं. दोन्हींची गल्लत झाली की चूक दाखवली जाते.

कायदा काय म्हणतो?

हे हत्यार चालवता येणं वेगळं आणि चालवायचा हक्क असणं वेगळं. स्वतःच्या मशीनवर, घरच्या नेटवर शिकायला हरकत नाही. ऑफिसात करायचं तर व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी. हॉस्टेलच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर दुसऱ्याची पॅकेट पकडायच्या भानगडीत पडू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणं परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं, माहिती काढून घेणं हा गुन्हा ठरतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घात झालाच तर पकडलेली फाइल पुरावा ठरू शकते. म्हणून :

• मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रतीवर काम करायचं.
• ‘एसएचए२५६सम’ या आदेशानं फाइलचा ठसा काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हा ठसा मागितला आहे.
• मशीनचं घड्याळ बरोबर असलं पाहिजे, नाहीतर पॅकेटची वेळ आणि बँकेच्या नोंदीची वेळ जुळत नाही.
• केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात.
• पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत तो अडवता येण्याची आशा तेवढ्याच वेळेत असते.

शिकायचं कुठून?

रिझर्व्ह बँकेनं १९९६ मध्ये उभी केलेली बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था, आयडीआरबीटी, हैदराबादच्या मासाब टँक भागातच आहे. बँकांच्या माणसांसाठी तिथं प्रशिक्षणं होतात. सीमाभागातल्या सहकारी बँकांच्या संचालक मंडळांनी आपल्या कॉम्प्युटर विभागातल्या पोरांना अशा ठिकाणी धाडायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणि डिसेंबर २०१९ मध्ये टप्प्याटप्प्याची सविस्तर चौकट घालून दिली आहे. ती कागदावर पूर्ण करणं एक, आणि वायरीतून काय जातंय ते रोज बघणारा माणूस ठेवणं दुसरं.

ज्यांना कोर्सची फी परवडत नाही, त्यांना जुना लॅपटॉप, फुकटचं लिनक्स आणि घरचं वायफाय एवढ्यावर सुरुवात करता येते. पहिल्या दिवशी पोर्ट ५३ ची चाळणी लावून एखादी वेबसाइट उघडायची. एका पानासाठी किती ठिकाणी हाक जाते, ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी ‘एस’, होकार, पोच हा क्रम शोधायचा. आठवडाभरात ओळी वाचता यायला लागतात.